पाटी नसलेली खोली

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, अंगावरचे कपडे पुरावा म्हणून पोलिसांनी काढून घेतले, आणि मग ती बाई घरी गेली... काय घालून गेली? बलात्काराच्या बातम्या तुम्ही वाचता, चिडता, कधी मोर्चातही येता. हा प्रश्न तुम्हाला पडला होता का? मला पडला नव्हता. मी तर पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत युनियनचं काम करायचे. आमच्या घरी जेवणाची ताटं मांडायच्या आधी जमिनीवरची पत्रकं आवरावी लागत. मला घोषणा पाठ होत्या, कलमं पाठ होती. पण ती बाई काय घालून घरी गेली, हे विचारायला पेणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक इंग्रजीच्या बाई याव्या लागल्या. त्या उषाताई गेल्या महिन्यात गेल्या.

निरोप शेजारच्या एसटीडी बूथवर आला. त्याच्या थोडेच दिवस आधी मी त्यांना पेणला भेटून आले होते. खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. मी विचारपूस करायला लागले तर म्हणाल्या, "माझं राहू दे. कपाटात मधल्या मापाचं काही उरलेलं नाही. तेवढं बघ." मी म्हटलं, ताई, आधी तुम्ही बऱ्या व्हा. त्यावर शाळेत फळ्यावरची चूक दाखवताना बघायच्या तसं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी बरी होईपर्यंत कुणी थांबणार आहे का?"

त्या कपाटाची गोष्ट विलायतेपासून सुरू होते. नव्वद सालानंतरचीच ही गोष्ट. परदेशातल्या एका संस्थेनं आमच्या रोह्याच्या संघटनेला कळवलं, अत्याचार झालेल्या बायकांसाठी आमच्याकडे काम कसं चालतं ते बघायला कुणाला तरी पाठवा. इंग्रजी धड बोलता येणाऱ्या एकट्या उषाताई. आम्हाला ते रुचलं नव्हतं. कधी लाठी न खाल्लेल्या, मोर्चात कडेनं चालणाऱ्या, सुती साडीला पिन लावणाऱ्या बाई तिकडे जाऊन काय शिकणार? इंग्लंडच्या उत्तरेला, गिरण्या बंद पडलेल्या एका शहरात त्या काही आठवडे राहिल्या. परत आल्या तेव्हा आम्ही सगळे वह्या उघडून बसलो. कायदा काय, निधी कुठून, आंदोलन कसं... ताईंनी सांगितलं ते इतकंच. एका साध्या गल्लीत एक घर आहे. दारावर पाटी नाही. बाई आत आली की तिला कुणी 'काय झालं' असं विचारत नाही. आधी विचारतात, दार लावू की उघडं ठेवू? चहा हवा की नको? "तिच्या मनाविरुद्ध सगळं होऊन गेलेलं असतं," ताई म्हणाल्या, "म्हणून तिथं आल्यावर पहिली गोष्ट तिच्या मनासारखी होते. दार का असेना." आणि एक कपाट. सगळ्या मापांचे कपडे, आतले-बाहेरचे, सगळे कोरे. तिथल्या बाईनं ताईंना विचारलं होतं, तुमच्याकडच्या बायका काय घालून घरी जातात? "तीस वर्षं मुलींना शिकवलं मी," त्या म्हणाल्या, "आणि तिथं मान खाली घालून बसले."

परत आल्यावर त्या आधी आमच्याकडे आल्याच नव्हत्या. दवाखान्यातल्या आयाला गाठून तोच प्रश्न विचारून आल्या होत्या. आया म्हणाली होती, "चादर गुंडालून जातान, बाय. आनि चादर परत आनून द्याया लागते."

हे ऐकूनही आम्ही काय केलं? रोह्यात एसटी स्टँडजवळ खोली घेतली आणि तिच्यावर पाटी लावली. 'अत्याचारित महिला सहाय्य केंद्र', तांबड्या अक्षरांत, आणि खाली घोषणा, 'लाज तिची नाही, गुन्हेगाराची'. घोषणा मीच केली होती. ताई नको म्हणत होत्या, आम्ही त्यांना भित्र्या ठरवलं. लपायचं कशाला, म्हणालो. फीत कापली, भाषणं झाली, आणि मग महिनोन् महिने त्या जिन्यावर एकही बाई चढली नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर माणसं बसलेली असायची, वर कोण जातं ते बघत. ताई एकदाच बोलल्या. "घोषणा बरोबर आहे गं. पण जिन्यात उभं राहून ती वाचायची कुणी?"

पुढे त्यांनी आम्हाला न विचारता एका शिवण क्लासच्या मागची खोली मिळवली. दाराला आतून कडी बसवली, भिंतीला लोखंडी कपाट टेकवलं. पाटी नाही. यायचं असेल तिनं पिशवीत एक ब्लाऊजपीस घेऊन यायचं, एवढाच नियम. पिशवीत ब्लाऊजपीस असलेल्या बाईला रोह्यात कुणी कुठे चाललीस म्हणून विचारत नाही. बायका येऊ लागल्या. गावात हसायचे, "मास्तरीण विलायतेला जाऊन ब्लाऊज बेतायला शिकून आली." ताई म्हणायच्या, "हसू देत. गळा तेवढा अजून जमत नाही, म्हणावं." कपाटासाठी त्यांनी घरोघरी कपडे मागितले तेव्हा चांगल्या चांगल्या घरांतून विटलेल्या साड्या आल्या, बटणं तुटलेले झंपर आले. त्यात आमच्याही घरचे होते. ताईंनी ते सगळं बोहारणीला दिलं. म्हणाल्या, "जुनं नेसून गेली की तिला वाटतं, आपणही आता जुन्या झालो."

एवढं सगळं डोळ्यांसमोर घडलेलं, आणि तरी शोकसभेत आम्ही तेच केलं. हॉल भरला होता. थोर समाजसेविका, आदर्श शिक्षिका, परदेशात नाव काढणाऱ्या... बोलणारे बोलत होते, आणि ताईंचं काम कशाचं होतं, तो 'बलात्कार' हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. शेवटी ठराव झाला, शिवण क्लासमागच्या खोलीला ताईंचं नाव द्यावं आणि संगमरवरी पाटी बसवावी. अनुमोदन द्यायला मी उभी राहिले. चांगलं बोलले मी.

सभेनंतर बाहेर एसटी स्टँडवर गडब गावच्या बाजूची एक बाई उभी होती, काखेत पिशवी. नाव लिहीत नाही. आत का नाही आलात, विचारलं.

"आत फोटू काढीत व्हते." मग म्हणाली, "पाटी लावताव म्हनं तुमी?"

"ताईंचं नाव राहायला नको का?"

"नाव राहील गो. पन मी त्या दारात कशी शिरू? सासूला अजून वाटतंय मी ब्लाऊज शिवाया जाते." जरा हसली. "चार वर्सं झाली, एक ब्लाऊज शिवून नाय झाला. म्हातारी म्हनते, तुझी मास्तरीण आळशी हाय."

गडबची गाडी लागली. चढताना मागे वळून म्हणाली, "त्यांनी आमाला लपवून ठेवलं नव्हतं. झाकलं व्हतं."

त्या रात्री मला माझं अनुमोदन शब्दन् शब्द आठवत राहिलं. पुढच्या आठवड्यात मी शिवण क्लासला गेले, ठराव मागे घ्यायला लावते असं सांगायला. मागची खोली रिकामी होती. कपाट उभं असायचं तिथं भिंतीवर उजळ चौकोन, फरशीवर गंजाचे चार ठिपके. क्लासच्या बाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "हलवलं."

"कुठं?"

"ते तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात."

"कोण म्हणालं?"

"इथं येणाऱ्या सगळ्याच. म्हणाल्या, पोरगी मनाची चांगली हाय, पन लिवते."

मी दाराशी उभी राहिले... आतून बसवलेली ती कडी तशीच होती, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मी ती लावून पाहिली नाही. मला तो हक्क नव्हता.

जागा हलली, म्हणून हे सगळं आज उघड लिहिता येतं. ब्लाऊजपीसची रीतही आता बदलली असणार. समितीनं ठराव अजून मागे घेतलेला नाही. पाटी लागलीच तर ती एका रिकाम्या खोलीवर लागेल. कपाट मात्र कुठेतरी उभं आहे, आणि त्यात मधल्या मापाचं काही नाही.

तेव्हा पाटीसाठी काही देऊ नका. या आठवड्यात बाजारात जाल तेव्हा एक जोड घ्या, साडी-परकर किंवा सलवार-कमीज, आतल्या कपड्यांसकट, कोरा. तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंच्या नाहीतर आयाच्या हातात द्या. पुडक्यावर आपलं नाव घालू नका. आणि कुणाला मिळाला, हे विचारायला परत जाऊ नका.