बाजेवाल्याची कॅसेट

१९७८ च्या उन्हाळ्यात आमची बदली कतारला झाली. बदली हा आमच्या घरातला शब्द, खरं तर ती नवी नोकरी होती. माझे यजमान पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले होते. अल रय्यानला एका अरब कुटुंबाच्या बंगल्यावर त्यांना ड्रायव्हरची जागा मिळाली, मला स्वयंपाकाची. राहायला बंगल्यामागे दोन खोल्या. हे पहाटे उठायचे, दाढी करायचे, बुटांना पॉलिश करायचे आणि गाडी धुवायला जायचे. फौज सुटली होती, पण घरातलं बोलणं ऑर्डरसारखंच राहिलं.

पहिल्याच आठवड्यात एक ऑर्डर निघाली. मी ट्रंकेतून एक कॅसेट काढली, ती यांनी ओळखली.

"ही कशाला आणलीस?"

"आईनं दिली."

"या घरात वाजली तर समुद्रात टाकीन. खलास."

खलास, म्हणजे संपलं, हा यांनी तिथल्या अरबांच्या तोंडून उचललेला पहिला शब्द.

त्या कॅसेटमध्ये माझ्या वडिलांचा आवाज होता. दुसरीकडे तो कुठंच नव्हता.

वडील पलटणीच्या बॅन्डमध्ये नाईक होते. मी अहमदनगरच्या छावणीत, बॅन्ड लाइनमध्ये वाढले. सकाळी परेडला मार्चच्या धुना, शनिवारी संध्याकाळी ऑफिसरांच्या क्लबात डान्स. त्या वर्षांत मुंबईहून रॉक अँड रोलच्या रेकॉर्डी नव्यानं यायला लागल्या होत्या. बॅन्डमास्तर रेकॉर्ड लावायचे, सुई उचलायचे, पुन्हा लावायचे, आणि माणसं ऐकून ऐकून गाणं बसवायची. वडील सॅक्सोफोन वाजवायचे. आम्ही पोरं कुकहाऊसच्या मागं लाकडांच्या ढिगावर बसून ऐकायचो. बाकीची पोरं नाचायची. मला लाज वाटायची. मी घरी येऊन मोरीचं दार लावून घ्यायची आणि तिथं नाचायची.

क्लबाबाहेर ते वाजवणं चांगलं कुणीच मानत नव्हतं. आई म्हणायची, "अंगात आल्यासारखं काय ते!" गुरुजींनी मला एकदा गुणगुणताना पकडलं आणि वर्गासमोर उभं केलं. मुलं मला 'बाजेवाल्याची' म्हणायची. रायफल कंपनीचे जवान तर बॅन्डच्या माणसांना शिपाईच मानत नसत. माझे यजमान त्यांच्यातलेच. चौथीनंतर माझी शाळा सुटली. गाणी सुटली नाहीत.

गाणं सुरू व्हायच्या आधी वडील मोजायचे. वन, टू, थ्री, फोर. भरभर, हसत हसत. मग ड्रम पडायचा. एका मेजरसाहेबांच्या बाईंनी एक संध्याकाळ टेपवर भरून घेतली होती. वडील गेल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी तिची कॅसेट करून आईला पाठवली. त्यात वडील ते चार आकडे मोजतात, बाकी काहीच बोलत नाहीत.

पलटणीबाहेरच्या लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. लढाई लागली की बॅन्डची माणसं बाजे स्टोअरला जमा करतात आणि स्ट्रेचर घेतात. जखमींना उचलून आणणं हे त्यांचं काम. पासष्टच्या लढाईत वडिलांनी सॅक्सोफोन जमा केला आणि पुढं गेले. एका उसाच्या शेतात माझे यजमान मांडीत गोळी लागून पडले होते. वडील आणि आणखी एक जवान त्यांना उचलायला गेले. वडील तिथंच पडले. दुसऱ्यानं यांना ओढत मागं आणलं. पाय बरा झाल्यावर हे आमच्या घरी आले आणि आईकडे मला मागणी घातली. आई हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

माझा नवरा परत आला, माझे वडील आले नाहीत. यावर आम्ही लग्नानंतर एकदाही बोललो नव्हतो.

कतारमध्ये हे गाडी घेऊन गेले की मी कॅसेट लावायची, अगदी बारीक आवाजात. खिडकीतला ए.सी. एवढा घरघरायचा की बाहेर काही जायचं नाही.

एका शुक्रवारी दुपारी कामगारांच्या कॅम्पमधले पवार आणि त्यांचे एक सोबती आमच्याकडे मटण खायला आले. पवार साताऱ्याकडचे, वेल्डर, तोंडानं सैल. कॅसेट रेकॉर्डरमध्येच राहिली होती. पवारांनी बटण दाबलं.

"आयला! हवालदार, तुम्ही असलं ऐकता व्हय?"

"बंद कर."

"वाजवतंय कोण पण?"

सोबती म्हणाला, "त्यांचे सासरे बॅन्डात होते ना, तेच असतील."

"असं होय! मग लढाईत काय केलं सासऱ्यांनी? दुश्मनाला नाचवलं?"

"पवार, बंद कर म्हणतो ना."

"थांबा की राव, ते सुरुवातीचं लई भारी आहे." पवारांनी कॅसेट मागं नेली. वडील म्हणाले, वन, टू, थ्री, फोर. पवारही कंबर हलवत त्यांच्याबरोबर म्हणाले.

यांनी उठून झाकण उघडलं आणि कॅसेट उपसली. फीत आत अडकली होती. यांनी हिसका दिला. फीत चुरगळली आणि तुटली.

मी परक्या पुरुषांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"त्यांनी बाजा जमा केला होता, भाऊजी. स्ट्रेचर घेऊन गेले होते. हे आज इथं बसलेत ना, ते त्यांच्यामुळं."

पवारांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. चपला घातल्या आणि दोघंही गेले. मटणाचं पातेलं भरलेलं तसंच राहिलं.

मी यांना म्हणाले, "माझ्याकडे त्यांचा तेवढाच आवाज होता. तुम्हाला जीव दिला त्यांनी, आणि तुम्हाला त्यांचा आवाज सोसत नाही."

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"स्ट्रेचर उचलताना दोघांनी एकदम उचलावं लागतं," हे म्हणाले. "नाहीतर माणूस खाली पडतो. म्हणून मोजतात. ते माझ्या डोक्याशी होते. वन म्हणाले. टू म्हणाले. थ्री म्हणाले. फोर आलंच नाही."

मी तुटलेली फीत गोळा केली.

सुकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, कॅसेटचं एक दुकान होतं. दुकानदारानं चुरगळलेली फीत कापून टाकली आणि उरलेली जोडून दिली. "इतना टुकड़ा खलास, बहन. बाकी गाना चलेगा." त्या तुकड्यातच आकडे होते. आता कॅसेट थेट ड्रमपासून सुरू होते.

यांनी माफी मागितली नाही, आणि मी केलीही नाही. जेवण वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. पितृपक्षात मी दरवर्षीप्रमाणे वडिलांचं पान वाढलं. हे गाडी लावून आले, हात धुतले. एरवी त्या दिवशी बाहेरच थांबायचे. त्या दिवशी शेल्फवरचा रेकॉर्डर खाली घेतला, त्यात जोडलेली कॅसेट घातली, तो पानाजवळ ठेवला आणि बुटांशिवाय सावधान उभे राहिले.

"नाईक दगडू साळवे," हे म्हणाले. "बॅन्ड."

मग बटणावर बोट ठेवून मोजलं. वन. टू. थ्री. फोर.

वडील भरभर मोजायचे, नाचायला बोलावल्यासारखं. यांनी सावकाश मोजलं, दोघांच्या हातांत काहीतरी जड आहे आणि ते खाली पडता कामा नये, असं.