धार लावणारी हेस्टर

हेस्टर रँकिनला स्वस्थ बसणं जमत नसे. चहा उकळेपर्यंत ती दोनदा खिडकीशी जाऊन यायची, आणि चहा गाळून झाला की तो टेबलावर विसरून तिसऱ्यांदा जायची. पोस्टमन साडेदहाला येई. नोव्हेंबरानंतर मर्डोचं पत्र नव्हतं आणि आता फेब्रुवारी संपत आला होता. तो इटलीत होता, एवढंच तिला ठाऊक. इटलीत कुठे, हे पत्रात सेन्सॉरच्या काळ्या शाईनं झाकलेलं असे.

मर्डो म्हणजे तिचा नवरा. वेलंड गावाच्या लॉकमेन या बर्फावर हॉकी खेळणाऱ्या धंदेवाईक संघाच्या स्केटना तो सोळा वर्षं धार लावत होता. चाळीस साली तो महायुद्धासाठी सैन्यात गेला, तेव्हा संघानं एकामागून एक दोन माणसं ठेवून पाहिली. एकानं पाती जाळली, दुसऱ्यानं अर्धा संघ पहिल्याच वळणावर आडवा केला. मग हेस्टर उठली आणि मॅनेजर हॅडोच्या खोलीत जाऊन म्हणाली, "धारेचा दगड मी चालवते. सोळा वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून तेल घातलंय मी." खेळाडू हसले. "मिसेस, घरच्या कात्र्या पण आणू का?" असं एकानं विचारलं. "आण," ती म्हणाली, "तुझ्या पायांपेक्षा त्या बऱ्या चालतात." त्यानंतर कुणी हसलं नाही.

प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांखाली तिची खोली होती. मधे गोल दगड, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर स्केटच्या जोड्या. पात्याला दोन कडा असतात आणि मधे बारीक पन्हळ. कुणाला ती पन्हळ खोल लागे, कुणाला उथळ. गोलरक्षकाला जवळजवळ बोथटच हवं असे. नाव न वाचता, नुसता अंगठा फिरवून जोडी कुणाची ते तिला कळायचं. आणखीही पुष्कळ कळायचं. कोण उजवीकडेच वळतो, कोण आदल्या संध्याकाळी प्यायला होता, कोणाचा घोटा दुखतोय. माणूस तोंडानं काहीही सांगो, झीज खोटं बोलत नाही, असं तिचं पक्कं मत.

त्या वर्षी संघात धड माणसं उरली नव्हती. अडतीस वर्षांचा एक जण निवृत्तीतून परत आणला होता. सहा जण पाइपच्या कारखान्यात कामाला होते. पुलापलीकडे अमेरिकेत सामना असला की त्यांना रजा मिळत नसे, ते फक्त घरच्या मैदानावर खेळत. आणि एक होता ओरेस्ट बिलिन्स्की. मॅनिटोबा या गव्हाच्या प्रांतातला, चोवीस वर्षांचा, संघातला सगळ्यात चपळ. सैन्यानं त्याला नापास केलं होतं. गुडघा, असं सगळीकडे सांगितलं जाई.

हा ओरेस्ट तिला तेता म्हणायचा. त्यांच्या युक्रेनियन घरात मावशीला तसं म्हणतात. शुक्रवारी सकाळी तो स्केट द्यायला येई आणि दारातच घुटमळत उभा राही.

"तेता, आज पोस्टमन?"

"आला आणि गेला. तू डोक्यावर उभा राहू नकोस, उजेड अडतो."

तो गेला की ती त्याची पाती हातात घ्यायची. डावा गुडघा दुखणारा माणूस डाव्या पायावर जोर टाकत नाही. डाव्या पात्याची आतली कड कोरी राहायला हवी. ओरेस्टच्या दोन्ही पात्यांची झीज केसाएवढीही वेगळी नव्हती. नोव्हेंबरात नव्हती, डिसेंबरात नव्हती. जानेवारीत तिनं भिंग लावून पाहिलं.

गुडघा ठणठणीत होता.

ते कळल्यापासून तिच्या जिवाला चैन पडेना. आणि हा गडी बर्फावर तरी मन लावून खेळावा ना? अर्धं-पाऊण मिनिट वाऱ्यासारखा धावायचा आणि लगेच बाकावर येऊन बसायचा. आळशी आणि वर खोटारडा, असं तिनं ठरवून टाकलं. मर्डो त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याचे दोन्ही गुडघे खरोखर दुखत. थंडीत तिनंच ते चोळून दिले होते.

एके दिवशी बेकरीच्या रांगेत शेजारची ग्रेटा पेटिट तिच्या पुढे उभी होती. ग्रेटा तोफगोळ्यांच्या कारखान्यात जायची. तिचा धाकटा भाऊ डिसेंबरात लढाईत मारला गेला होता.

"बिलिन्स्कीनं काल दोन गोल मारले म्हणे," ग्रेटा मागे न वळता म्हणाली. "बिचारा. एका पायावर."

"कसला एका पायावर," हेस्टर म्हणाली. "गुडघ्याला काही झालेलं नाही त्याच्या. मी रोज बघते ना पाती."

बोलून झाल्यावर तिनं तोंड मिटलं. ग्रेटा आता वळली होती. हेस्टरच्या मागच्या दोघीही पुढे सरकून ऐकत होत्या.

शनिवारच्या सामन्यात कुणीतरी वरून बर्फावर कुबडी फेकली. ती घसरत ओरेस्टच्या पायाशी आली. "गुडघा कसा आहे रे, राजा?" एक बाई ओरडली. लोक हसले. तो बाकावर जायला वळला तसा हसण्याचा आवाज वाढला, आणि तो अर्ध्या वाटेतून परत फिरला. त्या दिवशी तो तीन-तीन मिनिटं बर्फावरच राहिला. पायऱ्यांखालच्या दाराच्या फटीतून हेस्टर बघत होती. तो कठड्याला धरून उभा होता. चेहरा पांढरा, ओठ जांभळे.

सोमवारी तो आला तेव्हा दारात घुटमळला नाही. सरळ आत आला, दार लावलं.

"तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं," ती म्हणाली. दगड तिनं बंद केला नाही. "खोटं आहे का ते?"

"नाही. गुडघा चांगला आहे."

"मग?"

त्यानं तिचा हात धरला आणि स्वतःच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला दाबला. दगडाची घरघर चालू होती म्हणून तिला आधी काही कळेना. तिनं पट्टा सरकवला. दगड थांबला. आत काहीतरी धावत होतं, मधेच थबकत होतं, परत अडखळून धावत होतं. एखादं पातं खड्ड्यात सापडावं तसं.

"नवव्या वर्षी सांध्यांचा ताप आला होता, तो हृदयात उतरला," तो म्हणाला. "सैन्याच्या डॉक्टरनं नळी लावली आणि म्हणाला, जिने सावकाश चढत जा. हृदय म्हटलं असतं तर कुठला संघ घेईल? गुडघ्याला कुणी घाबरत नाही. थोडं पळायचं, बसायचं, परत पळायचं. असं मला जमत होतं, तेता. पाच वर्षं जमवलंय."

"मग तसंच कर ना."

"आता कसं करू? बसलो की कुबडी येते."

हेस्टरनं तेलाचा डबा उचलला आणि होता तिथेच परत ठेवला. "खेळू नकोस. घरी जा."

"घरी काय आहे? गहू. गहू उचलायला हृदय लागत नाही वाटतं?" तो हसला, पण हसणं मधेच टाकून दिलं. "शनिवारचा एक सामना. जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर हंगाम संपला. एवढा होऊ द्या. आणि या वेळी कुणाला बोलू नका."

ती बोलली. त्याच दुपारी, एका माणसाशी. हॅडोच्या खोलीत ती उभीच राहिली. त्यानं खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"त्याला बसवा, मिस्टर हॅडो. गुडघा नाही, हृदय आहे."

हॅडोनं चष्मा काढून पुसला. "गुडघ्याचं निमित्त मीच काढलं, मिसेस रँकिन. त्याला बिचाऱ्याला कुठे सुचणार."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला चौदा धडधाकट माणसं आणून द्या, मी आत्ता त्याला गाडीत बसवतो. आहेत तुमच्याकडे? दुकानात मिळतात?" त्यानं चष्मा परत लावला. "तो मोजून-मापून खेळत होता, ठीक चाललं होतं. हे गुडघ्याचं कुणी बाहेर फोडलं, तेवढं मला कळायला हवं."

हेस्टर तशीच बाहेर पडली. घरी येऊन तिनं स्वयंपाकघराची फरशी घासली, वाळल्यावर परत घासली. मर्डोचं काय व्हायचं ते तिच्या हातात नव्हतं. त्यासाठी ती खिडकीशी ये-जा करू शकत होती, बस. हे मात्र तिनं स्वतः केलं होतं, पावाच्या रांगेत, एका वाक्यात. ग्रेटाला जाऊन खरं सांगावं, तर गावाला कळणार, आणि मग पोराला कुठलाच संघ उभा करणार नाही. न सांगावं, तर तो बाकावर बसणार नाही. मंगळवार ते शुक्रवार तिनं हा हिशेब घरभर फिरून केला आणि तो कुठूनही सुटेना.

शनिवारी तिनं ओरेस्टच्या पात्यांना धार लावली. बोथट ठेवावीत असंही मनात आलं, पण बोथट पात्यावर दुप्पट जोर लागतो. तिनं जन्मात लावली नसेल अशी धार लावली.

प्रेक्षकांच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या. दोन डाव संपले तेव्हा दोन्ही संघांचे दोन-दोन गोल होते. तिसऱ्या, शेवटच्या डावाला नऊ मिनिटं झाली आणि ओरेस्ट सलग साडेतीन मिनिटं बर्फावर होता. ती भिंतीवरचं घड्याळ बघत होती. तो कठड्याशी आला, हात फळीवर टाकला, बाकाकडे बघितलं. वरून कुणीतरी लांब सुरात "गुडघाऽ" म्हणालं. त्यानं हात काढला आणि परत निघाला.

हेस्टर दार उघडून बाहेर आली. बाकामागून वाट काढत ती कठड्यापर्यंत गेली. तिथे बायकांना यायची मुभा नव्हती. राखीव खेळाडू नुसते बघत राहिले.

"बिलिन्स्की," ती ओरडली. बाजारात ओरडतात तशी, वरच्या पायऱ्यांपर्यंत जाईल अशी. "बाहेर ये. तुझं पातं गेलंय. मीच बिघडवलंय, दगडावर चुकले."

तो थांबला. तिच्याकडे बघितलं, खाली पायांकडे बघितलं.

"अरे ये ना," ती म्हणाली, "पाय मोडेल अशानं. माझ्या गळ्यात नको."

पहिल्यांदा एक जण हसला. मग सगळ्या पायऱ्या हसल्या, पण या वेळी तिला. "बाईला चूल फुंकायला पाठवा," कुणीतरी म्हणालं. ओरेस्ट कठड्यापर्यंत आला आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर पडला. लंगडतोय असं दाखवायची त्याला गरज पडली नाही. खरंच पावलं टाकता येत नव्हती.

खोलीत आल्यावर तो स्टुलावर कोसळला. तिनं गळ्याची बटणं सोडली, वाडग्यातलं पाणी तोंडाला लावलं, लेस कापून डावं स्केट ओढून काढलं. बाहेर हॅडोची पावलं ऐकू येत होती. तिनं पात्याकडे बघितलं. आरशासारखं होतं. मग तिनं ते दगडाच्या लोखंडी चौकटीवर जोरानं आपटलं. एकदा, दोनदा. कडेचा तुकडा उडाला.

हॅडो आत आला. "दाखवा."

तिनं दाखवलं. त्यानं खाचेवर नख फिरवलं, ओरेस्टच्या ओठांकडे एकदा बघितलं, परत खाचेकडे.

"किती वेळ लागेल?"

"पुष्कळ," ती म्हणाली. "घाईत केलं तर परत जाईल."

"मर्डोनं सोळा वर्षांत असं कधी केलं नाही." आवाज त्यानं मुद्दाम चढवला होता, दाराबाहेरच्यांसाठी. "सोमवारी येऊ नका, मिसेस रँकिन."

तो गेला. तिनं पट्टा सरकवला, दगड फिरू लागला. खाच घालवायला अख्खी कड उतरवावी लागते. ती केसाकेसानं उतरवत राहिली. डोक्यावर लाकडी पायऱ्या धडधडत होत्या. मग एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेवरूनच कळलं की गोल पलीकडच्यांनी मारला.

ओरेस्ट भिंतीला टेकून बसला होता. ओठांवर थोडा रंग परतत होता.

"हरलो," तो म्हणाला.

"हं."

"मला काय म्हणतील आता?"

"तुला नाही," ती पात्यावरून मान न उचलता म्हणाली. "मला म्हणतील."

शेवटचा भोंगा झाला. लोक उतरू लागले. तिच्या दारापाशी कुणीतरी थांबलं, दारावर लाथ मारून पुढे गेलं. मग दुसऱ्या कुणी. तिनं दगड थांबवला, हात पुसले आणि ओरेस्टचा कोट खुंटीवरून काढला.

"सावकाश घाल," ती म्हणाली. "सगळे जाऊ देत."