आमच्या रस्त्यावरची निळी रेघ

लंडनजवळ वॉटफर्डला घर घेताना एजंटने आम्हाला सगळं दाखवलं. फक्त हा रस्ता मधोमध बशीसारखा खोलगट आहे आणि आमचं घर बरोबर बशीच्या तळाशी आहे, एवढं सांगायचं राहिलं. ते आम्हाला बऱ्याच वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी कळलं. असा काही पाऊस कोसळला की गटारं पाणी आत घ्यायचं सोडून बाहेर फेकायला लागली. मी घरूनच काम करत होते. मीटिंग म्यूट करून खाली आले, तर हॉलमधल्या कार्पेटवर पाय पचकन आत गेला. दारातून गढूळ पाणी संथपणे येत होतं, जसं काही त्याला बोलावणंच होतं.

पुढे कितीतरी दिवस रस्त्यावर घरोघरी ओले गालिचे बाहेर पडले होते. प्रत्येक जण दुसऱ्याला "ऑफुल, इझंट इट?" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लायब्ररीत मीटिंग बोलावली. आम्ही दोघीच गेलो, मी आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी. त्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. कौन्सिलची ऑफिसरबाई बिचारी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाली, "रस्त्यावरच्या लोकांनाच यायचं नसेल तर मी वरती काय सांगू?"

परत येताना आजी म्हणाल्या, "मीटिंग म्हटलं की कोणी येत नाही. काहीतरी बघायला असलं की येतात. शाळेतही तसंच होतं."

ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. दिवाळी जवळ आली होती. दर वर्षी मी दारात छोटीशी रांगोळी काढते. त्या वर्षी इल्फर्डच्या भारतीय दुकानातून निळ्या रंगाची होती नव्हती तेवढी सगळी पाकिटं उचलून आणली. रविवारी सकाळी, कोरडं ऊन बघून, दाराबाहेर बसले आणि पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथून रेघ सोडायला सुरुवात केली. माझ्या पायरीवरून, गाडी लावायच्या ड्राइव्हवरून, पेव्हमेंटवरून, पुढच्या घराकडे.

माझी मुलगी इथेच जन्मलेली, तेव्हा सतरा वर्षांची. खिडकीतून डोकं काढून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, प्लीज! माझी फ्रेंड्स इथूनच जातो!"

"जाऊ देत की. त्यांनाही दिसेल," मी म्हटलं आणि रेघ पुढे ओढली. पुण्यात हौदाएवढ्या रांगोळ्या काढल्या होत्या, पण तिथे आजूबाजूला दहा जणी असायच्या. इथे मी एकटी, गुडघ्यावर, आणि पडद्यांआडून बघणारे डोळे.

समोरच्या घराशी पोचले आणि दार उघडलं. तिथला गृहस्थ रस्त्यात कोणाशीच बोलायचा नाही. त्याची अख्खी पुढची बाग फरशा टाकून गाड्यांसाठी सपाट केलेली. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे काय चाललंय माझ्या ड्राइव्हवर?"

"त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं, ते काढतेय," मी म्हणाले. "पहिल्या पावसात धुऊन जाईल."

तो रेघेपाशी आला. मला वाटलं, आता पायाने पुसणार.

"चुकलंय," तो म्हणाला. "इथवर नाही, तिथवर आलं होतं." आणि दाराच्या चौकटीपाशी जाऊन त्याने बोट ठेवलं. "आईचा पियानो इथे आतच होता. गेला."

मी निळ्या रंगाचं पाकीट त्याच्यापुढे धरलं. तो अवघडून खाली वाकला आणि चिमटीने रंग सोडायला लागला. रेघ जाडीभरडी आली, पण जागा बरोबर होती.

मग जणू कोणी दारांच्या कड्या काढल्या. वरच्या अंगाचं पोलिश जोडपं त्यांच्याकडे पाणी कुठवर आलं ते सांगायला आलं. आजी खडूंचा डबा घेऊन आल्या आणि रेघेच्या आत मासे काढायला लागल्या. मी कमळं काढली. मुलगी केव्हा खाली आली ते कळलं नाही; बघते तर चाळणीतून रंग पसरवत होती आणि तिच्याच मैत्रिणींना सांगत होती, "मुठीतून नाही गं, बोटांच्या फटींतून सोड." दुपारपर्यंत पूर्ण रस्त्यात निळं तळं पसरलं होतं आणि त्याच्या काठावर आम्ही सगळे चहाचे मग घेऊन उभे होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एकमेकांची घरं कुठून कुठून भिजली ते ऐकलं.

आजींनी ऑफिसरबाईला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती इंजिनिअरला घेऊन आली. तो रेघेवरून चालत गेला, परत आला. म्हणाला, "बागांवर फरशा पडल्या, आता पाण्याला मुरायला जागाच नाही. थोडी जमीन मोकळी करा. पाणी मुरायला रस्त्याकडेला उथळ खड्डे आम्ही करून देतो, त्यातली झाडं तुम्ही सांभाळा." पुढची मीटिंग आमच्याच पेव्हमेंटवर झाली आणि उभं राहायला जागा पुरली नाही.

त्या हिवाळ्यात पहिली फरशी समोरच्या गृहस्थाने उचकटली. एक गाडी आता रस्त्यावर राहील, म्हणाला. वसंतात आम्ही सगळ्यांनी मिळून उथळ खड्ड्यांत आयरिस आणि लव्हाळी लावली, पाण्यात पाय बुडवूनही तगणारी.

पुढच्या सप्टेंबरात, एका शनिवारी, तसाच पाऊस आला. मी पायरीवर येऊन उभी राहिले. पाणी रस्त्यावरून धावत आलं, खड्ड्यांत वळलं, आयरिसच्या पात्यांभोवती चढत गेलं, काठाला टेकलं. आणि थांबलं. बघता बघता ओसरायला लागलं.

समोरचं दार उघडलं. तो गृहस्थ छत्रीशिवाय रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात वर करून ओरडला, "इट्स ड्राय! माय फ्लोअर इज ड्राय!" पोलिश जोडप्याने खिडकीतून टाळ्या वाजवल्या, मग दारादारांतून टाळ्या सुरू झाल्या. आजी रेनकोट घालून निघाल्या आणि प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून, शाळेत पोरांना देतात तशी शाबासकी देत चालल्या.

मी सगळ्यांना आत बोलावलं आणि कांदाभजी तळायला घेतली. माणसं हॉलमध्ये, जिन्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसली होती. बाहेर पाऊस कोसळतच होता आणि आत कोणीही दाराकडे बघत नव्हतं.