क्रेनवाल्या काकांचे चार दिवस

लीडरनं आपलं लक्ष कुठं द्यावं, याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मले मालकानं दिलं. जेवण चांगलं होतं. शिकवणाऱ्यानं फळ्यावर चार खाने काढले आन सांगितलं, जिथं आग लागली तिथं पाहा, बाकीच्यात वेळ घालवू नका. दुर्गजवळ मरोद्याकडच्या एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपचा मी शिफ्ट इनचार्ज. हाताखाली दहा माणसं. नऊ जण कटकटे, म्हणून पहिल्या खान्यात. दहावे क्रेनवाले काका, माझ्या बाबांच्या वयाचे, आजवर एक तक्रार नाही. त्यांले शेवटच्या खान्यात टाकलं: लक्ष द्यायची गरज नाही.

ट्रेनिंगनंतरच्या सोमवारपासून काका रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहू लागले. मी फोनवर. मोठ्या साहेबांच्या ग्रुपवर वर्कशॉपचे फोटो टाकायचे, दुसऱ्यांच्या फोटोले अंगठा द्यायचा, हे आमचं सकाळचं पहिलं काम. काका काही बोलत, मी "हाव काका, हाव" म्हणून मान हलवत असे. आपण सगळ्यांचं ऐकून घेतो, असंच मले वाटत होतं.

गुरुवारी काकांनी लोखंडी गर्डर अर्ध्या रस्त्यातच जमिनीवर टेकवला आन क्रेनच्या केबिनमधून शिडीनं खाली उतरले. मी धावतच गेलो.

"हे काय करून राहिले काका? आज माल जायचा आहे! डोकंबिकं फिरलं काय?"

"उजव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं, साहेब. सोमवारपासून सांगून राहिलो. तुमी हाव म्हणता."

"मंग जोरात सांगायचं नं!" मी ओरडलो. चूक आपली असली की आवाज आपोआप चढतो.

"आन मंग चार दिवस क्रेन चालवली कशी?" मीच पुढं विचारलं.

गर्डरले हूक बांधणारा पुढं आला आन त्यानं सगळं सांगितलं. तो रोज डावीकडं उभा राहून काकांले हातानं इशारे करत होता. वेल्डरनं आपलं टेबल भिंतीपाशी सरकवलं होतं, बाकीचे गर्डरखालून जात नव्हते. माझ्या नऊही कटकट्यांले माहीत होतं, बाप्पा! मीच तेवढा राहिलो होतो.

"डाव्या डोळ्यावर ताण येऊन आज त्याचा हातही धुरकट दिसला," काका म्हणाले. "कोणी खाली सापडलं असतं म्हणजे?"

मी त्यांले स्कूटरवर बसवून दुर्गले डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन करू, पण आता पूर्ण नजर येणं कठीण, डॉक्टर म्हणाले, सोमवारीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

"चार दिन क्या कर रहे थे?" त्यांनी रागानं विचारलं.



"ड्यूटी थी, साब," काका म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.