लाल पानं आणि माझे एकोणचाळीस फोटो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण किस्सा ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघाल. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, हे मला अजून कळलेलं नाही!

त्याचं असं झालं. आम्ही दोघं जळगाव शहरात, लेक कॅनडात असते. तिकडे पानगळ सुरू झाली की ही रोज सकाळी फोटो पाठवणार. लाल झाडं, पिवळी झाडं, झाडाखाली ती. वर लिहिणार, "आई, असं आपल्याकडे कुठे?"

आता सांगा, किती दिवस ऐकून घ्यायचं? मी ठणकावून सांगितलं, "आमच्या सातपुड्यातही होतात पानं लाल. दाखवतेच तुला!"

दाखवते म्हणाले खरी, पण मी सातपुडा पाहिला होता तो चोपड्याच्या बसच्या खिडकीतून. तरी दिवाळी आटोपल्यावर ह्यांना उठवलं. हे म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आयुष्यभर उभं राहून आता बसायला मिळालंय, त्यामुळे चालायचं नाव काढलं की तोंड कडू होतं. पण आले बिचारे. मी डोक्याला टोपी घातली, पायात बूट चढवले, आणि मोबाईलमध्ये फोटोवर तारीख न्‌ गाव छापणारा कॅमेरा घेतला. नाहीतर लेक म्हणायची, नेटवरून उचललेत!

चोपड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली आणि दोन तास चढलो. काय दिसलं? धूळ! सागाची पानं हिरवी, वर भोकं पडलेली. लाल म्हणून एक पान नाही. मला अगदी रडू यायचं बाकी होतं. लेकीला काय तोंड दाखवू?

उतरताना वळणावर आलो आणि थबकलेच. समोर उतारावर अख्खं रान लालभडक! कुठे जांभळट, कुठे तांबूस. मी तर पळतच सुटले. कमरेएवढ्या झाडांत शिरले, हात पसरले आणि ह्यांना म्हटलं, "काढा फोटो!"

हे एवढंच म्हणाले, "ही कपाशी आहे गं."

"असू दे की! लाल आहे ना?"

माझं माहेर जामनेरचं, कपाशीच्या मुलखातलं, पण वडील शाळेत मास्तर. कपाशी मी पाहिली ती गादीतच. हात वर करून, मान वाकडी करून, पान गालाला लावून असे एकोणचाळीस फोटो झाले. तेवढ्यात बांधावरून धोतर सावरत एक म्हातारे नाना धावत आले.

"या ताई, या! कव्हयनी वाट दखी राहिनू!"

बघा, माणसं किती अगत्याची! मी म्हटलं, "नाना, किती दिवस झाले असं लाल होऊन?"

"पंधरा दिन. बठ्ठं वावर लाल व्हई गयं."

"वा! आणि अजून किती दिवस राहील?"

"आठ दिन. मंग पानं गळी जातीन. बरं व्हयनं, तुम्ही येळवर उनात."

"दरवर्षी होतं का हो?"

"तीन सालपाईन, दरसाल."

आणि मी, देवा, मी म्हणाले, "भाग्यवान आहात नाना!"

ह्यांनी आभाळाकडे पाहिलं. झोपडीतून चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, कप माझ्या हातात दिला, दुसऱ्या हातावर एक बोंड ठेवलं. सुपारीएवढं, वाळकं.

"बाई, हाऊ लाल्या शे. रोग शे. पानं लाल व्हयनात का बोंड पोसत नही. तुम्ही इमाना पंचनामा कराले उनात ना?"

म्हणजे मला ते पीकविम्याची बाई समजले होते! ज्यांचं वर्षाचं पीक गेलं, त्यांच्या वावरात मी नाचत होते! मी दोघांचे हात धरले आणि खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलतील. पण नाना खो खो हसले. मग म्हणाले, "ताई, तारीखना फोटो शे ना तुम्हनाकडे? इमाना साहेबनी सांगेल शे, येवाले जमनं नही ते आज फोटो धाडा. पानं गळी ग्यात मंग काय दखाडू?"

नानांचा फोन बटनाचा, ह्यांचाही बटनाचा. माझ्या मोबाईलनं फोटोंच्या भरात प्राण सोडलेला, आणि वावरात लाईट नाही. नानांनी साहेबांचा नंबर लिहिलेला कागद दिला, माझाही नंबर लिहून घेतला. म्हटलं, घरी जाऊन लगेच पाठवते. परत येताना गाडीत मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू बोलायला जागा ठेवली होती का?"

जळगावला येऊन मोबाईल चार्जिंगला लावला आणि फोटो उघडले. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस फोटोंत मी! कापून टाकावं म्हटलं, तर मला कापलं की माझ्या अंगावरच छापलेली तारीखही कापली जाई. रात्र होत आलेली. नानांच्या पिकाचा प्रश्न होता. डोळे मिटले आणि सगळे पाठवून दिले, पान गालाला लावलेल्यासकट.

महिन्याभरानं नानांचा फोन आला. साहेब येऊन गेले, फोटो चालले, पंचनामा झाला. माझा जीव भांड्यात पडला.

"फक्त साहेबनी एक इचारं," नाना म्हणाले, "बठ्ठी कपाशी गयी, मंग ह्या बाईले इतला आनंद कशाना व्हई राहिना?"

"अगं बाई! मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगं, त्या जळगाव शहरन्या शेतस. साहेब म्हनना, मंग ठीक शे."