अकरा लाल फुल्या

रेडिओ केंद्रावर रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही जुनं गाणं लागलं नव्हतं. रेकॉर्ड नापास झाली की पाकिटावर लाल फुली, खाली शेरा आणि सही, मग रवानगी मागच्या कपाटात. कोणी वाद घालत नसे. घालून जिंकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, सगळ्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेतोय. फुलीवाल्या मात्र शुक्रवारी भंगारात."

बाईंची हरकत नव्हती. पण न ऐकता काही टाकणं त्यांच्या शिस्तीत बसेना. कपाटातून एकाच, केव्हाच बुडालेल्या कंपनीच्या अकरा रेकॉर्ड निघाल्या. नाचाची हलकीफुलकी गाणी, गायिका एकच, आज कोणाच्या खिजगणतीत नसलेली. अकराही पाकिटांवर बाईंच्या वळणदार अक्षरात तेच: ‘आवाज पोरकट, चिरका.’

पहिली लावली तेव्हा त्यांचा थोरला भाऊ शेजारच्या स्टुडिओतला पियानो सुरात लावत होता. तो उठून दारात आला.

"या रेकॉर्डमधला पियानो कोणी लावलाय? दोन सुरांच्या मधे लोंबकळतोय."

"असेल कोणी तुझ्यासारखाच, दादा."

"थट्टा पुरे. दुसरी लाव."

दुसरीतला पियानोही तेवढाच चढा. तिसरीतलाही. "दर वेळी इतकं नेमकं चुकणं माणसाला जमत नाही," दादा म्हणाला. "वेगाचा घोळ आहे."

"माझं मशीन एक फेरा इकडचा तिकडे करत नाही!"

"तुझं नसेल करत. त्या कंपनीचं रेकॉर्डिंगचं मशीनच सावकाश फिरत असेल. तू त्यांना पळवतेयस."

मशीनच्या कडेला वेग कमीजास्त करायचा स्क्रू होता. त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर ‘हात लावू नये’. अक्षर बाईंचंच. त्यांनी ती नखाने खरवडून काढली आणि स्क्रू फिरवू लागल्या. दादा शेजारी जाऊन पियानोची एकच पट्टी दाबत राहिला. "अजून सावकाश... अजून... हं, बस!"

पोरकट आवाज गेला. पस्तिशीची एक बाई गाऊ लागली. भरदार, मिश्कील, श्वास न तोडता पुढची ओळ पकडणारी.

"ऐकतेयस ना?" दादा म्हणाला.

"ऐकतेय. हिला मी नापास केलं."

फुली ज्याने मारली त्यानेच रजिस्टरात कारण लिहून ती रद्द करायची, असा नियम. तो बाईंनीच केलेला. प्रमुख कुजबुजले, "तांत्रिक बिघाड लिहा ना. जाता जाता कशाला नावाला बट्टा?"

"मशीन ठणठणीत होतं, साहेब. स्क्रूवर चिकटपट्टी मी लावली होती."

त्यांनी लिहिलं, ‘वेग न तपासता शेरा मारला. चूक माझी.’ अकरा वेळा, ‘वरीलप्रमाणे’ न म्हणता. मग गुरुवारच्या दुपारच्या कार्यक्रमात निवेदिकेला तीच ओळ आधी वाचायला लावली आणि रेकॉर्डवर सुई स्वतः ठेवली.

गाणं संपायच्या आत फोन वाजला. एक म्हातारे गृहस्थ जवळजवळ भांडायलाच उठले होते. "अहो, काय आवाज आहे! इतकी वर्षं कुठे होती ही बाई?"

"माझ्या कपाटात," बाई ताठ मानेने म्हणाल्या. "फोन ठेवा आता. दुसरं लावतेय."