गावाबाहेरच्या झोपडीतली शाळा

अख्ख्या गावात माह्याएवढा धीट माणूस नव्हता. पण पाळी आलेल्या बायांच्या झोपडीकडं भात नेतानी मी वीस पावलांवरच नाक दाबून उभा राहो. छपरावरच्या धानाच्या ओल्या तणसाचा वास आला का अजूनबी मले ते गळकं झोपडं दिसते, मोहाच्या झाडाखालचं, अन् आत ओलीत बसलेली माही लहान बहीण. स्वराज्य येऊन पाच-सात वर्सं झालती, पण बाबानं तिची शाळा बंद केलती. त्या दिवशी आमची विधवा मावशीबी आत होती. दवाखान्यात झाडझूड करता करता ते वाचाले शिकलती, अन् आता कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून बहिणीकडून गिरवून घेत होती. मी धावत पारावर गेलो अन् तिथं बसलेल्या बाबापुढं, साऱ्या माणसांपुढं मावशीच्या शिकवण्याची नक्कल केली. सारे हासले, बाबानं मले बिडी देल्ली. मंग तो काठी घेऊन निंगाला, पण विटाळाच्या भेवानं तोबी वीस पावलांवरच थांबला. मावशी आतून म्हणे, "अक्षरं पुसाची हायेत तं या ना भाऊजी आत!" कोणी गेलं नाई. पुढं मावशी दर महिन्याले बहिणीच्याच दिवसात आत जाऊन बसे. तिले खरंच पाळी आली का, हे इचाराची कोणा माणसाची हिंमत नव्हती. परवा जमिनीचा कागद वाचाले बहिणीकडं गेलो अन् म्हनलं, "तुह्या शाळेत भात मीच पोचवला, बाई." ते कागदावरची नजर न काढताच म्हणे, "भात आईनं रांधला, शिकवलं मावशीनं. तू चुगली केली. लाव अंगठा."